लटारूचा हात आणि चाळीस फोटो

लटारू मारबत्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे. तरणा असताना त्यानं नदीच्या कपारीत हात घातला आणि आतल्या शिंगूर माशानं काटा मारला. तेव्हापासून ते बोट सरळ झालं नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "चूक माहीच होती गा. न इचारता कोनाच्या घरात हात घालाचा असते का?"

जांभूळटोला हे आमचं गाव सिंदेवाहीच्या जंगलाकडच्या अंगाला. तलाव मोठा, मासे धरणाऱ्या ढिवरांची तीसेक घरं आणि तलाव सोसायटीकडे. मी त्या सोसायटीचा सचिव. दहावी झालो म्हणून रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं, ते अजून निघालं नाही.

लटारू बुडी मारणारा. त्याच्या बापानं त्याला आठव्या वर्षी पाण्यात उतरवलं आणि सांगितलं, डोळे मीट, हातानं पाहा. तेव्हापासून तो पाण्याखाली डोळे मिटूनच राहिला. विहिरीत पाण्याचा गुंड पडला, डोहात कोणाची साखळी गेली, बोलवा लटारूला. एकदा एक माणूसही त्यानं वर आणला, पण त्याबद्दल तो बोलत नाही. मी एकदा विचारलं होतं, "डोरे काऊन नाई उघडत रे खाली?" तर म्हणे, "चिखलाच्या पान्यात का सिनेमा लागला हाय?"

त्याचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट इंदिराबाई, म्हणजे त्याची बायको, अजून सांगते. तिच्या भावांनी पोरगा पारखायला टोपलीवर फडकं झाकून आणलं. म्हणाले, हात घाल आन् सांग. लटारूनं एकेक बोटानं चाचपत सहा मासे सांगितले. सातव्याला हात लावला आणि म्हणाला, "हा तुमच्या घरचा दिसते जी. बेंडूक हाय." इंदिराबाई हे सांगते आणि पदर तोंडाला लावून हसते. "माहा लहाना भाऊ दोन वर्स बोलला नाई त्याच्यासंग."

तर असा तो हात. सोसायटीचं जाळं निघालं की आधी टोपली लटारूपुढं. तो गमछा डोळ्यांवर ओढून घ्यायचा, हात आत घालायचा आणि नावं सांगत जायचा. पोरं हसायची, बायका वाटणी करायच्या. आम्हाला ती त्याची ऐट वाटायची. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि गमछा आता गरजेचा झाला आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. दोन वर्षांपासून तो मला रस्त्यात ओळखायचा ते मी खाकरल्यावरच.

पण या वीस वर्षांत ओळखायला उरलं काय? तलावात बाहेरून आणलेलं बीज सोडायचं, रोहू आणि कतला. आमची बोटरी गेली, डाखू गेला, गावठी मांगूर तर कोणाच्या पोरानं पाहिलाही नव्हता. लटारूला एकच ओढ लागली होती. तो तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसून म्हणायचा, "सुकलू, मी मराच्या आंधी या पान्यात गावठी मांगूर पाह्यजे. बस. मंग मले काई नोको." पाहिजे म्हणजे हाताला लागला पाहिजे, हे मी समजून घ्यायचो.

अशात हर्षा आली. गिरजाबाईची नात. त्यांचं शेत तलावाच्या खालच्या बाजूला. पोरगी नागपूरला इंजिनेर झाली, पुण्याच्या कंपनीत लागली आणि आता अर्धं वर्ष घरूनच काम करते. एक दिवस सोसायटीच्या टिनाच्या शेडात येऊन बसली आणि मोबाईल दाखवू लागली. समुद्रात बुडी मारणारे लोक खाली माशांचे फोटो काढतात आणि मोबाईल त्यांना सांगतो, हा अमका, हा तमका.

"समुद्राच्या माशायचं हाय, तं आपल्या माशायचं काऊन नाई?" ती म्हणाली. "नदीच्या डोहात आपले मासे हायत अजून. आपले बुडी मारणारे फोटो काढतीन. मोबाईल सांगन हा आपला का परका. जो आपला, थोच पकडाचा अन् जिता आणून तलावात सोडाचा."

लटारूनं मान वर केली. "मांगूरबी?"

"मांगूर पयला, बाबा."

त्या दिवसापासून लटारू तिचा झाला. शेडात तिनं मोठे मोठे कागद पसरले, पेन्सिलीनं मोबाईलचे चौकोन काढले आणि आम्हाला विचारू लागली, बटन कुठं पाहिजे, किती मोठं पाहिजे. धनराज म्हणाला, हात ओले असतात, बटन भाकरीएवढं ठेव. धनराज आमच्यातला चांगला बुडी मारणारा, तिशीचा. हर्षानं बटन भाकरीएवढं ठेवलं. जंगलात नेटवर्क नाही म्हणून सगळं मोबाईलच्या पोटातच भरलं. आपला मासा असला की हिरवा दिवा, परका असला की लाल. आणि नाव बोलून दाखवायचं, तेही आमच्या बोलीत. पुण्याचा तिचा कोणी मित्र म्हणाला होता की भाषा शुद्ध ठेव. ही म्हणाली, "शुद्ध भाषेत बोटरीले काय म्हंतात थे आंधी सांग." मग इंदिराबाईचा आवाज भरला. "बोऽटरी!" अशी ती ओरडली, जणू बाजारात बसली आहे. आम्ही पोट धरून हसलो.

तेव्हाच इंदिराबाई म्हणाली, "एक बटन 'समजत नाई'चं ठेव व पोरी. आमच्या बुढ्याच्या कामी येईन."

"त्याले नाई लागत," धनराज म्हणाला. लटारूही हसला. हर्षानं पेन्सिल उचलली होती, ती खाली ठेवली. म्हणाली, "माय, मशीनले नाव लागते. नाव नाई तं थे शिकन कशी?"

ते बटन राहूनच गेलं.

हिवाळा सरला, नदीचं पाणी नितळ झालं. धनराज आणि दोघं डोहांत उतरले, हर्षानं आणलेला पाण्यातला कॅमेरा घेऊन. फाल्गुनापर्यंत सहाशे फोटो जमले. मशीनला शिकवायला आता प्रत्येक फोटोवर नाव पाहिजे होतं, आणि नाव कोण सांगणार हे कोणी विचारलंही नाही. हर्षाला कामासाठी पंधरा दिवस पुण्याला जावं लागलं. तिनं लॅपटॉप माझ्याजवळ ठेवला. "सुकलूकाका, तुमी फोटो दाखवजा, बाबा नाव सांगतीन, तुमी नंबराफुढं लिवजा. आल्यावर मी भरून घेईन."

पहिल्या दिवशी लटारू धुतलेलं धोतर नेसून आला. मी पहिला फोटो लावला. हिरवट पाणी, एक दगड, दगडाला टेकून मासा. लटारू वाकला. आणखी वाकला. मग त्याचा हात पुढे आला आणि ते वाकडं बोट काचेवरून शेपटीकडून डोक्याकडे फिरलं. काच गुळगुळीत. त्यानं बोट मागं घेतलं, धोतराला पुसलं.

मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, लटारू, राहू दे. पोरगी आली की तिला सांगू, मासा हातात पाहिजे. एवढंच वाक्य होतं. पण शेडात आणखी चारजण बिड्या ओढत बसले होते आणि लटारू मारबत्याला मासा ओळखू येत नाही हे त्यांच्यापुढं कोण बोलणार?

"लिव," लटारू म्हणाला. "डाखू."

मी लिहिलं.

मग तो चालत राहिला. आकार दिसायचा त्याला, रंग नाही. लांबट असला की एक, चपटा असला की दुसरा, मिशा असल्या की मांगूर. काही बरोबर असतील, बरीच बरोबर असतील, पन्नास वर्षांचा अंदाज होता शेवटी. पण आवाजात ती जुनी खात्री नव्हती. खात्रीऐवजी घाई होती.

तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की दोनशे बाराव्या फोटोतला दगड मी आधी पाहिला आहे. पांढरी रेघ असलेला. मागं जाऊन पाहिलं, एक्केचाळीसवा फोटो तोच. तोच मासा, तीच मिशी. एक्केचाळिसाला लटारूनं गावठी मांगूर म्हटलं होतं. आता म्हणाला, "परका मांगूर. बाहेरचा."

हा बाहेरचा म्हणजे सरकारनं बंदी घातलेला. कोणाच्या तरी खड्ड्यातून पुरात सुटतो आणि नदीला लागतो. हातभर वाढतो, मग दोन हात. लहान मासा, अंडी, बेडूक, जे सापडेल ते खातो. लहानपणी दोघे सारखेच दिसतात. पण हाताला वेगळे. लटारूनंच मला शिकवलं होतं, गावठीच्या डोक्यामागची कड गोल, बाहेरच्याची टोकदार.

मला वाटलं, मशीनकडून फोटो चुकून दोनदा आला असेल. आणि रजिस्टरात एकाच माशाची दोन नावं दिसली तर पोरगी काय म्हणेल? लटारूची अब्रू जाईल. मी 'परका' खोडलं आणि वर 'गावठी' लिहिलं. पहिलं नाव खरं धरलं. का धरलं, सांगता येत नाही. पहिलं म्हणून धरलं.

असे दोनदा आलेले फोटो पुढं बरेच निघाले. जिथं नाव जुळलं तिथं मी काही केलं नाही. जिथं जुळलं नाही तिथं जुळवलं. सतरा ठिकाणी.

हर्षा आली, रजिस्टर घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शेडात धावत आली. "बाबा! चाळीस फोटो मी मुद्दाम दोनदा टाकले होते, तुमाले न सांगता. सांगणारा पक्का हाय का नाई थे पाहासाठी. चाळीसच्या चाळीस जुळले! असं मोठ्या मोठ्या साहेबायचंबी होत नाई."

लटारूनं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे तोंड माझ्याकडं वळवलं. मी रजिस्टराची पानं सारखी करत बसलो.

तिनं लटारूचा फोटो काढून मोबाईलच्या पहिल्याच पानावर लावला. इंदिराबाई म्हणाली, "वडशाच्या नाटकातला राजाच उभा केला वो." लटारू म्हणाला, "काहाले लावते बाई, काढून टाक." आम्हाला वाटलं, लाजतो आहे.

धानाच्या रोवणीच्या आधी मासे सोडायचं ठरलं. धनराजची मंडळी डोहात उतरायची, फोटो काढायची, हिरवा दिवा लागला की तेवढाच मासा जिवंत धरून घागरीत. टेम्पोनं घागरी आल्या. बोटरी आली, डाखू आला, आणि साठ मांगूर, वीतवीतभर. पारीवर सगळा ढिवरपुरा.

आमच्याकडं रीत अशी, तलावात जाणारा प्रत्येक मासा म्हाताऱ्याच्या हातून जातो. पण हर्षा म्हणाली, हात लावला की मासा दमतो, अर्धे मरतात, आता मोबाईलनं पाहिलंच आहे. तिचं खोटं नव्हतं. लटारू पारीवर बसून राहिला, दोन्ही हात काखेत.

इंदिराबाई घागरीत डोकावली. "डोस्कं मोठं नाई दिसत का याचं?"

"तुह्या घरच्यानंच तं ओळखला, मामी," धनराज म्हणाला. मग त्यानं एक मांगूर धरला आणि लटारूपुढं केला. "घ्या बाबा, तुमचा मांगूर. किती वर्सानं आला. हात तं लावा."

लटारूचा हात काखेतून निघाला. मी जवळच होतो. हात माशापासून चार बोटांवर थांबला. तो मासा त्याला हवा होता, सगळ्या जगात तोच एक हवा होता. आणि हात लागला असता तर बोटानं तोंडाला खोटं पाडलं असतं, अख्ख्या गावापुढं. त्यानं हात मागं घेतला.

"मोबाईलनं सांगतलं ना? टाक."

धनराजनं टाकला.

दुसऱ्या हिवाळ्यात जाळं निघालं ते जड निघालं. पोरं ओरडली. पण जाळ्यात बोटरी नव्हती, डाखू नव्हता, बायका भाजीला नेतात तो बारीक मासाही नव्हता. काळे, मिशाळ, हात-हात लांबीचे मासे एकमेकांवर वळवळत होते. रोहूच्याही शेपट्या खाल्लेल्या. लटारू खाली आला. गमछा डोळ्यांवर न ओढताच जाळ्यात हात घातला, एकाच्या डोक्यामागून बोट फिरवलं. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. मग हात पाण्यात धुतला आणि घरी निघून गेला. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांना काय झालं ते मागाहून समजलं.

बैठक बसली. लोक हर्षावर उखडले. कोणी म्हणालं, पुण्याची अक्कल तलावात घातली. लटारू उठला. "पोरीले बोलू नोका. फोटोतला मासा मले दिसत नाई. डोरे गेले माहे. मी अंदाजानं सांगतलं."

हर्षा म्हणाली, "असं कसं, बाबा? चाळीस फोटो जुळले होते. अंदाजानं चाळीस जुळत नाई. तुमी मले वाचवासाठी बोलून राह्यले. चूक माह्याच प्रोग्रामात हाय."

ती माझी वेळ होती. रजिस्टर मांडीवरच होतं. मी बोललो नाही.

त्यानंतर तीन आठवडे ती पोरगी स्वतःच्या कामात चूक शोधत बसली. सुटी घेऊन बसली. गिरजाबाई मला रस्त्यात म्हणाली, "भाऊ, पोरगी जेवत नाई, काय हरवलं तिचं?" तेव्हा कुठं मी रजिस्टर उचललं आणि तिच्या अंगणात गेलो. पान उघडून खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. तिनं पान उन्हाकडं धरलं. खालचं 'परका' स्पष्ट दिसत होतं.

ती रागावली नाही, त्यानं जास्त लागलं. "काका, तुमी हे खोडलं नसतं तं मले त्याच दिवशी समजलं असतं. मी बाबाच्या हातात मासा देल्ला असता. चाळीस फोटो त्याच्यासाठीच होते."

"त्याची अब्रू..." मी म्हणालो.

"आता राह्यली का?" ती म्हणाली. मग विचारलं, "बाबाले सांगतलं?"

"नाई."

"मी नाई सांगत. तुमचं तुमी सांगा."

तिनं ते 'समजत नाई'चं बटन बसवलं, हिरव्या-लालच्या मध्ये, तेवढंच भाकरीएवढं. पहिल्या पानावरचा लटारूचा फोटो काढला. त्यानं स्वतः दोनदा सांगितलं होतं म्हणून काढला.

वैशाखात तलाव फोडून रिकामा करावा लागला. दुसरा इलाज नव्हता. आमच्या आजा-पणज्यांनी कधी तलाव तळापर्यंत सुकवला नव्हता, तो आम्ही सुकवला. पाणी गुडघ्याएवढं राहिलं तेव्हा लटारू चिखलात उतरला. कोणी म्हटलं नाही त्याला. चार दिवस तो चिखल चाचपत होता, डोळे मिटून. परके काठावर फेकायचा. हर्षा प्रत्येक माशाचा फोटो काढायची, या वेळी लटारूच्या तळहातावर ठेवून, आणि मी लिहायचो. मध्येच एखादा हातात घेऊन तो थबकायचा. बोटंही आता म्हातारी झाली आहेत. "समजत नाई," म्हणायचा. "तसंच लिव."

मी तसंच लिहायचो.

अख्ख्या तलावात चार गावठी मांगूर निघाले. डोहातून ते चार खरे आले होते. एका घागरीत ठेवले.

शेवटच्या दिवशी आम्ही पारीवर बसलो. खाली चिखलाला भेगा पडू लागल्या होत्या, बगळेही उठून गेले होते. मी म्हणालो, "लटारू, एक सांगाचं होतं."

"रजिस्टराचं?"

"हर्षानं सांगतलं?"

"नाई. मले दिसत नव्हतं, पन आयकू तं येत होतं. तू लिवते तवा पेन सरसर चालते. खोडते तवा घासते. सतरा खेपा घासला."

"मंग बोलला काऊन नाई तवा?"

"म्हटलं, सुकलू सांभाळून घेऊन राह्यला. बरं वाटलं गा." तो वाकडं बोट दुसऱ्या हातानं चोळत राहिला. "तू काऊन नाई बोलला?"

त्यानं घागर जवळ ओढली, आत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"पानी गरम झालं," तो म्हणाला. "बदलाव लागन."

मी घागर उचलली आणि विहिरीकडे निघालो.